रस्ते तयारच होते, अडलं होतं जबाबदारीवर : हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्सचं प्रकरण

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण भागात, टग फोर्क आणि गायंडॉट या नद्यांच्या खोऱ्यांत, सपाट जमीन जवळपास नाहीच. ॲपलेशियन डोंगर इथे फार उंच नाहीत, पण एकमेकांना इतके खेटून आहेत की मधल्या घळीत एक ओढा, रेल्वेचा रूळ, डांबरी रस्ता आणि घरांची एक रांग एवढंच मावतं. याच डोंगरांत आज एक हजार मैलांहून जास्त, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या वर, आखलेल्या कच्च्या वाटा आहेत. तिथे एटीव्ही (फुगीर चाकांच्या, हँडलने वळवायच्या गाड्या), साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायच्या, स्टिअरिंगच्या गाड्या) आणि मातीत चालवायच्या मोटरसायकली घेऊन लोक ओहायो, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायनाहून येतात. या जाळ्याचं नाव हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स.

या ट्रेल्सबद्दल बोलताना चिखल, चढ आणि यंत्रांची ताकद यांचंच कौतुक होतं. माझ्या मते या प्रकरणातली खरी कामगिरी कागदावरची आहे. डोंगरात नवे रस्ते फारसे खोदावे लागलेच नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीवर अनोळखी माणूस गाडी घेऊन आला आणि त्याने हात-पाय मोडून घेतले तर भरपाई कोणी द्यायची, हा तिढा सुटल्यावर वाटा आपोआप खुल्या झाल्या.

आधी काय होतं

इथली मॅकडॉवेल काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, घ्या. 1950 च्या जनगणनेत इथे 98,887 माणसं होती, 1990 मध्ये 35,233 आणि 2020 मध्ये 19,111. आधी खाणीत सलग कोळसा कापणारी यंत्रं आली आणि हात रिकामे झाले. मग 1980 च्या दशकात अमेरिकेचा पोलाद उद्योगच बसला. इथला कोळसा कोक करण्याच्या प्रतीचा, पोलादाच्या भट्ट्यांवर जगणारा, त्यामुळे मार थेट बसला. केनेडी सरकारने 1961 मध्ये अन्नकुपनांची योजना प्रायोगिक म्हणून सुरू केली, तेव्हा पहिली कुपनं याच काउंटीतल्या कुटुंबाला मिळाली होती. म्हणजे उतरती कळा ट्रेल्सच्या किती आधीपासून लागली होती ते पाहा.

लोक गेले, रस्ते राहिले. कोळसा वाहणाऱ्या ट्रकांचे रस्ते, लाकूडतोडीचे रस्ते, नैसर्गिक वायूच्या विहिरींपर्यंत जाणाऱ्या वाटा, विजेच्या तारांखालचे साफ केलेले पट्टे. शिवाय उघड्या खाणकामात डोंगराच्या अंगाला वळसा घालून कापलेले लांबच लांब सपाट टप्पे. या सगळ्यावर स्थानिक पोरं आधीपासूनच गाड्या हाणत होती. अर्थात विनापरवाना. कंपनीचा रखवालदार कधी हाकलायचा, कधी काणाडोळा करायचा.

जमीन कोणाची

इथे प्रकरणाची गाठ आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत अशा वाटा बहुतांशी सरकारी जमिनीवर असतात. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात सरकारी जमीन थोडी. वेस्ट व्हर्जिनियातल्या जमिनीच्या मालकीचा 2013 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा वायोमिंग, मॅकडॉवेल, लोगन, मिंगो आणि बून या काउंट्यांत खासगी जमिनीपैकी निम्म्याहून अधिक जमीन प्रत्येकी पहिल्या दहा मालकांच्या हातात असल्याचं दिसलं. हे मालक म्हणजे बहुतेक जमीनधारक कंपन्या, इमारती लाकडाचे गुंतवणूक निधी, कोळसा कंपन्या. त्यांची कार्यालयंही बव्हंशी राज्याबाहेर.

ही मालकी कशी आली, त्याची गोष्ट ट्रेल्सच्या नावातच दडलेली आहे. हॅटफिल्ड आणि मॅकॉय ही टग फोर्कच्या दोन तीरांवरची घराणी. एक वेस्ट व्हर्जिनियात, दुसरं केंटकीत. त्यांचं एकोणिसाव्या शतकातलं वैर अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे. पळवलेलं डुक्कर, पळून गेलेली मुलगी, हे त्यातले रंगतदार भाग. पण ‘डेव्हिल’ ॲन्स हॅटफिल्डने पेरी क्लाइन या माणसाकडून कोर्टाच्या मार्गाने सुमारे 5,000 एकर जमीन मिळवली होती, आणि पुढे हाच क्लाइन केंटकीत वकील होऊन मॅकॉयांच्या बाजूने उभा राहिला. भाऊबंदकी आणि सात-बारा यांचं नातं आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. 1890 च्या आसपास नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वे या खोऱ्यात शिरली आणि पिढीभरात डोंगर स्थानिकांच्या हातून कंपन्यांकडे गेले. ट्रेल्सवाल्यांनी नाव घेतलं ते पर्यटकाला ओळखीचं वाटावं म्हणून. त्यात जमिनीचा इतिहासही आला, हा योगायोग.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. तुमच्याकडे हजारो एकर डोंगर आहे. त्यातून कोळसा, लाकूड, वायू निघतो. पर्यटकांनी तिथे फिरण्यात तुमचा फायदा शून्य. एखादा गाडीसकट दरीत गेला तर मात्र त्याचे नातेवाईक वकील घेऊन येणार. जमीनमालकाने फुकट फिरू दिलं तर त्याच्यावरची जबाबदारी मर्यादित ठेवणारे कायदे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आहेत. पण प्रवेशासाठी पैसे घेतले की हे संरक्षण साधारणपणे पातळ होतं. आणि पैसे न घेता वाटांची निगा, पाट्या, रखवाली कोण करणार? फुकट ठेवलं तर निगा नाही आणि पैसे घेतले तर संरक्षण नाही, असा पेच होता.

1996 ची तोड

वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 1996 मध्ये कायदा करून हॅटफिल्ड-मॅकॉय प्रादेशिक मनोरंजन प्राधिकरण स्थापन केलं. प्राधिकरण जमिनीचा मालक नाही. ते कंपन्यांशी वापराचा करार करतं, वाटा आखतं, परमिट विकतं, विमा काढतं, वाटांवर पहारा ठेवणारे रेंजर नेमतं. परमिटचे पैसे प्राधिकरणाकडे जातात. जमिनीवर गाड्या चालू दिल्याबद्दल मालकाला प्रवासी पैसे देत नाही, म्हणून मालकावरची जबाबदारी मर्यादित राहते. या वाहनांसाठी राज्याने वेगळा कायदाही केला आणि या खेळातले अंगभूत धोके चालवणाऱ्याने स्वतः पत्करलेले आहेत, असं त्यात मांडलं. प्राधिकरणाच्या मंडळावर पर्यटनाच्या बाजूची माणसं असतात तशी जमीनमालकांच्या बाजूचीही असतात. ज्यांच्या मर्जीवर सगळं उभं आहे त्यांना आत घेऊन बसवलं, हे शहाणपणाचं झालं.

कंपन्यांना यात काय मिळालं? भाडं नव्हे. त्यांना रखवाली मिळाली. पूर्वी कोण कुठून येतो याचा पत्ता नसायचा. आता ठरलेल्या वाटा, ठरलेली प्रवेशद्वारं, गणवेशातला रेंजर आणि नाव-पत्ता असलेलं परमिट. घुसखोरीवर पहारा बसवायला कंपनीला स्वतःचा खर्च आला असता, तो परमिटच्या पैशातून भागू लागला. माझ्या समजुतीप्रमाणे सौदा जमला तो या मुद्द्यावर.

ऑक्टोबर 2000 मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या, सुमारे 300 मैलांच्या. पुढे लोगनजवळचं बेअरवॉलो, विल्यमसन-मेटवानकडचं बफेलो माउंटन, मॅन आणि गिल्बर्टला जोडणारं रॉकहाउस, पाइनव्हिलचं पिनॅकल क्रीक, ब्रॅमवेलचं पोकाहॉन्टस, वॉर गावचं वॉरियर अशी एकेक साखळी जोडत हजार मैलांचा टप्पा ओलांडला गेला. एकच परमिट सगळीकडे चालतं आणि ते वर्षभराचं असतं. बरीच वर्षं त्याची किंमत राज्यातल्यांना 26.50 डॉलर आणि बाहेरच्यांना 50 डॉलर होती. गिऱ्हाईक मुख्यतः बाहेरचं, त्यामुळे हिशेब बसला.

वाटेवर

ट्रेलच्या तोंडाशी पाटी असते: हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. त्यापुढे लाल-काळी, तिच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. नारिंगी म्हणजे एका चाकोरीची, मोटरसायकलपुरती. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. दारू नाही, काचेची बाटली नाही, यंत्र दोघांसाठी बनवलेलं नसेल तर मागे कोणाला बसवायचं नाही, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वाटेवर कोणी दिसता कामा नये. हे नुसते पाटीवरचे उपदेश नाहीत. ते कायद्यात लिहिलेले आहेत आणि रेंजर दंड करू शकतो.

काही रिवाज मात्र कुठल्याच कायद्यात नाहीत. अरुंद वाटेवर समोरून गट आला की पहिला चालक डावा हात वर करून बोटं दाखवतो. चार बोटं म्हणजे माझ्यामागे आणखी चार गाड्या आहेत. दुसरा तीन दाखवतो, तिसरा दोन. शेवटचा मूठ वळून दाखवतो: संपले, जा आता. आंधळ्या वळणावर कितीजण अंगावर येणार हे कळण्याची याहून भरवशाची सोय नाही, कारण मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नवख्याला हा इशारा कोणी शिकवत नाही. पहिल्याच वळणावर समोरच्याची बोटं बघून तो आपोआप शिकतो.

माती चिकणमातीची. पाऊस बारा महिने थोडाथोडा पडणारा, वर झाडांची सावली, म्हणून उन्हाळ्यातही डबकी सुकत नाहीत. शंभर गाड्या गेल्या की डबक्याचं तळं होतं. प्रत्येकजण कडेने काढायला बघतो आणि वाट रुंदावत जाते. म्हणून देखभालीचं निम्मं काम पाण्याचं: उतारावर तिरपे बांध घालून पाणी बाजूला काढायचं, खडी पसरायची, चर साफ करायचे. हे चुकलं तर गाळ थेट खालच्या ओढ्यात जातो. चढणीच्या बाजूला कापलेल्या दरडीत कोळशाचा काळा थर उघडा दिसतो, हात लावला की बोटं काळी होतात.

यंत्रंही बदलली. सुरुवातीच्या वाटा एटीव्हीच्या मापाने आखल्या होत्या. म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, हँडलने वळवायची गाडी. मग साइड-बाय-साइड आल्या: स्टिअरिंग, सीटचे पट्टे, डोक्यावर पोलादी पिंजरा, शेजारी बायको किंवा मूल. पोलारिसने 2008 च्या मॉडेल-वर्षात आरझेडआर 800 काढली तेव्हा ती मुद्दाम 50 इंच रुंद ठेवली होती, जुन्या वाटांत मावावी म्हणून. पुढच्या दमदार मॉडेलांची रुंदी 64 इंच आणि त्याहून जास्त झाली. वाटांना त्यांच्यामागे रुंद व्हावं लागलं. यातून कुटुंबं येऊ लागली, खर्च करणारी माणसं येऊ लागली. जुन्या एटीव्हीवाल्यांना मात्र आपल्या झाडीतल्या वाटेचा हमरस्ता झाला असं वाटतं, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

गावातला डांबरी रस्ता

या प्रकरणात एक विसंगती आहे आणि ती फारशी कोणी उकरत नाही.

एटीव्ही मातीसाठी बनते. हवा कमी भरलेले फुगीर टायर, उंचावरचा गुरुत्वमध्य, आणि बऱ्याच गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरवणारा आस. मातीवर चाक थोडं घसरून वळण घेतं. डांबरावर ते घसरत नाही, पकड धरतं आणि गाडी कलंडते. म्हणून डांबरी रस्त्यावर चालवू नका असं उत्पादक गाडीवरच लिहितात. वेस्ट व्हर्जिनियात एटीव्ही अपघातांतल्या मृत्यूंचं प्रमाण अमेरिकेत वरच्या क्रमांकात राहिलेलं आहे, आणि त्यातले बरेचसे मृत्यू ट्रेलवर नव्हे, सार्वजनिक रस्त्यांवर झालेले आहेत.

पण ट्रेलचा पैसा गावात यायचा तर गाडी गावात यायला हवी. ट्रेल डोंगरात, खाणावळ आणि खोली खाली घळीत. म्हणून गिल्बर्ट, मॅन, मेटवान यांसारख्या गावांनी आपले रस्ते या गाड्यांना खुले केले. राज्याच्या 2004 च्या कायद्यानेही मुक्कामापासून ट्रेलपर्यंत दहा मैलांच्या आत, कडेने, ताशी 25 मैलांच्या वेगाने जायची मुभा दिली. त्याच कायद्यात हेल्मेटची सक्ती होती ती 18 वर्षांखालच्यांनाच. म्हणजे ज्या मातीसाठी गाडी बनली आहे तिथे आजोबांनाही हेल्मेट, आणि ज्या डांबरावर ती कलंडते तिथे मोठ्यांची मर्जी.

गावकऱ्यांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. शनिवारी सकाळी गिल्बर्टमधल्या पेट्रोल पंपावर मोटारींपेक्षा चिखलाने माखलेल्या गाड्यांचीच रांग जास्त असते. आत काउंटरवर बिस्किट-ग्रेव्हीच्या डब्यांचा ढीग, बाहेर माणसं चष्म्याच्या जागी स्वच्छ आणि बाकी चेहरा तपकिरी. ही रांग रस्त्यावरून गाडी आणू दिल्यामुळे आहे. ती बंद केली तर पंपवाल्याचा शनिवार गेला.

पैसा किती, कोणाचा

बंद पडलेल्या शाळेची वसतिगृहं झाली, कंपनीने मजुरांसाठी बांधलेल्या घरांच्या भाड्याच्या केबिनी झाल्या. ब्रॅमवेलमध्ये कोळशाच्या जोरावर लक्षाधीश झालेल्यांचे दगडी वाडे आहेत. त्यांच्यासमोर आता साइड-बाय-साइड उभ्या असतात. मेटवानमध्ये लोक जेवायला थांबतात आणि 19 मे 1920 च्या गोळीबाराच्या खुणा बघायला जुन्या पोस्टाच्या विटांच्या भिंतीपाशी जातात. खाणकामगारांना घरांतून बाहेर काढायला आलेले भाडोत्री डिटेक्टिव्ह आणि पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्डच्या बाजूची माणसं यांच्यात त्या दिवशी दहा जण मेले होते, त्यात गावचा महापौरही होता.

खोल्या, खाणावळी, दुरुस्तीची गॅरेजं, भाड्याच्या गाड्या हे धंदे बहुतेक स्थानिकांचे आहेत. कोळशाच्या काळात नफा बाहेर जायचा, आता निदान काही गावात राहतो. पण ट्रेल्सने कोळशाची जागा घेतली, असं जे भाषणांत ऐकू येतं ते मला पटत नाही. खाणकामगाराला मिळायचा तो पगार, आरोग्य विमा आणि पेन्शन, हे चादरी बदलण्याच्या आणि बर्गर भाजण्याच्या कामात नाही. कामही हंगामी, वाटा बारा महिने खुल्या असल्या तरी गर्दी वसंत ते शरद. मॅकडॉवेलची लोकसंख्या 2000 नंतरही घटतच राहिली, हा आकडा कुठलंही भाषण पुसू शकत नाही. लोक थांबले नाहीत, पण जे उरले त्यांच्यापैकी काहींना धंदा मिळाला, इतपत म्हणता येतं.

दुसरा धोका पाण्याचा. सपाट जागा फक्त ओढ्याकाठी, म्हणून केबिनी आणि छावण्याही तिथेच. जुलै 2001 आणि मे 2002 च्या पुरांनी मॅकडॉवेलमधली वेल्च, कीस्टोन, नॉर्थफोर्क ही गावं धुऊन काढली. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे पुन्हा तेच झालं. मॅन गाव ज्या बफेलो क्रीकच्या तोंडाशी आहे तिथे तर 26 फेब्रुवारी 1972 रोजी खाणीच्या गाळाचं धरण फुटून 125 माणसं गेली होती. कर्ज काढून बारा केबिनी बांधणाऱ्याला हा इतिहास तोंडपाठ असतो, तरी तो तिथेच बांधतो. डोंगरावरची जागा त्याची नाही.

करार कोणाच्या हातात

वाट ही प्राधिकरणाची मालमत्ता नाही. कंपनीला लाकूड तोडायचं असेल, नवी खाण काढायची असेल, तर वाट बंद होते किंवा वळवली जाते. कुठला भाग बंद आहे हे नकाशा विकत घेतानाच विचारावं लागतं. बून काउंटीतली लिटल कोल रिव्हर ही सुरुवातीच्या साखळ्यांपैकी एक होती, ती आता या जाळ्यात नाही. एखाद्याने तिच्या भरवशावर खोल्या बांधल्या असतील तर त्याच्या कर्जाचा हप्ता वाट बंद झाली म्हणून थांबत नाही.

शेजाऱ्यांनी तरीही हेच रूप उचललं. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 2008 मध्ये नैर्ऋत्य काउंट्यांसाठी असंच प्राधिकरण नेमलं, त्यांच्या वाटा स्पिअरहेड ट्रेल्स नावाने चालतात. टेनेसीतलं ऑलिव्हर स्प्रिंग्जजवळचं विंडरॉक दुसऱ्या टोकाचं उदाहरण: जुन्या खाणींचाच प्रचंड डोंगर, पण खासगी उद्यान म्हणून चालवलेला. मालक आणि चालक यांच्यात सरकारी मध्यस्थ नाही.

आपल्याकडे कोणी हे चंद्रपूर किंवा वणीच्या पट्ट्यात करायचं म्हणेल तर अडचण वेगळ्या जागी येईल. कोळशाची जमीन 1957 च्या कायद्याने संपादित होऊन सरकारी कंपनीकडे गेलेली असते, म्हणजे शंभर मालकांची मनधरणी नाही. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्सने 2016 मध्ये खाण पर्यटन सुरू केलं ते त्यामुळेच पटकन जमलं. पण ठरलेल्या बसमधून, मार्गदर्शकासोबत खाण दाखवणं निराळं आणि माणसाला स्वतःची गाडी घेऊन मोकळं सोडणं निराळं. आपल्या कोर्टात ‘धोका मी पत्करला’ असं सही करून दिलेल्या कागदाला किती वजन मिळेल, यावर कोणी अधिकारी आपली नोकरी लावेल असं वाटत नाही.

वेस्ट व्हर्जिनियात आता वळण आलंय ते सरकारी जमिनीचं. वेन काउंटीतलं कॅबवेलिंगो राज्य वन अलीकडे ट्रेल्सना जोडलं गेलं. राज्य वनात अशा गाड्या पूर्वी चालत नसत, त्यासाठी कायदा बदलावा लागला. इथे मालक दावा लागेल म्हणून घाबरणारा नाही. इथे शंका घेणारे आहेत ते शिकारी, पायी फिरणारे आणि पर्यावरण संघटना. त्यांचे आक्षेप आवाजाचे, गाळाचे आणि चाकं ठरलेली वाट सोडतात याचे आहेत. कंपनीच्या उजाड डोंगरावर हे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते, कारण त्या डोंगराचं आधीच वाटोळं झालेलं होतं. राज्य वनाच्या बाबतीत 1996 ची तोड कामाची नाही. तिथे वाट किती रुंद ठेवायची आणि पावसाळी आठवड्यात ती बंद करायची की नाही, यावरच आता भांडणं होतील.